इन्व्हरेरीला एक मुक्काम : लॉख फाइनकाठच्या गावाची पूर्वतयारी, वाट आणि पाहण्याचा क्रम

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहलीच्या बसगाड्या इन्व्हरेरीला जेमतेम कॉफीपुरत्या थांबतात. प्रवासी उतरतात, पाण्याकाठच्या पांढऱ्या घरांचा फोटो काढतात, लोकरीच्या दुकानात डोकावतात आणि परत गाडीत बसतात. गाव एवढेच असावे असा समज होतो, कारण ते खरोखर लहान आहे. वस्ती सहाशेच्या आसपास, आणि मुख्य रस्ता पाच मिनिटांत चालून संपतो. पण हे गाव आपोआप वाढलेले नाही. ते कागदावर आखून मग बांधले गेले आहे. कुठून काय दिसावे हे ठरवून प्रत्येक इमारत उभी केलेली आहे, म्हणून ते योग्य क्रमाने आणि रिकाम्या वेळी पाहायला हवे. त्यासाठी एक रात्र मुक्काम करा. दुपारी पोहोचून दुसऱ्या दिवशी दुपारी निघालात तरी पुरेल.

गाव इथे कसे आले

इन्व्हरेरी ही आर्गाइलच्या ड्यूकची, म्हणजे कॅम्पबेल कुळाच्या प्रमुखाची जागा. जुने गाव एरे नदीच्या मुखाशी, कुळाच्या जुन्या गढीला चिकटून होते. तिसरा ड्यूक आर्चिबाल्ड याने १७४६ मध्ये नव्या कॅसलचा पाया घातला आणि कॅसलसमोरचा परिसर मोकळा हवा म्हणून सगळे गावच तिथून हलवायचे ठरवले. नव्या गावासाठी जवळचे भूशिर निवडले. टाउन हाउस आणि मोठी खाणावळ १७५० च्या दशकात जॉन अ‍ॅडमच्या आराखड्यावर उभी राहिली. मुख्य रस्त्यावरच्या चाळवजा घरांच्या रांगा, कमानी आणि चर्च हे पुढच्या पिढीतल्या रॉबर्ट मिल्न या वास्तुरचनाकाराचे काम. जुने गाव पूर्ण पाडून व्हायला १७७० चे दशक उजाडले. आज कॅसलच्या हिरवळीवर उभे राहिलात तर पायाखाली ते जुने गाव होते, हे लक्षात असू द्या. मग बाकीची मांडणी आपोआप उलगडते.

आपल्याला जवळचा वाटेल असा एक दुवा इथे आहे. आठवा ड्यूक जॉर्ज डग्लस कॅम्पबेल १८६८ ते १८७४ या काळात ब्रिटिश सरकारात भारतमंत्री होता. मुंबई इलाख्याचे मोठे निर्णय त्या वर्षांत ज्याच्या मेजावरून जात होते, त्याचे हे घर.

कधी जावे

एप्रिलअखेर ते मेअखेर हा आमच्या मते सर्वांत चांगला काळ. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यातल्या त्यात कोरडे आठवडे तेव्हाच मिळतात, ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपे फुललेली असतात आणि मिजेस अजून सुटलेले नसतात. मिज म्हणजे चिलटाएवढा चावरा कीटक. तो मेच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत असतो. पहाटे, तिन्हीसांजेला, ढगाळ आणि पडलेल्या हवेत तो थव्याने येतो. वारा ताशी १० किलोमीटरच्या वर गेला की त्याला उडता येत नाही, त्यामुळे पाण्याकाठी वाऱ्यात बसणे हा सोपा उपाय आहे. झाडीत जाणार असाल तर स्थानिक औषध दुकानातले मिजसाठीचे मलम घ्या. आपल्याकडचे डासांचे मलम लावून भागेल असे समजू नका.

पाऊस कोणत्याही महिन्यात पडतो. वर्षाची बेरीज २००० मिलिमीटरच्या घरात, म्हणजे जवळपास मुंबईएवढी, पण मुंबईत तो चार महिन्यांत कोसळतो आणि इथे बाराही महिने झिमझिमत राहतो. छत्री नेऊ नका, खाडीवरचा वारा ती उलटी करतो. टोपी असलेले जलरोधक जाकीट, जमल्यास तशीच पँट, आत पातळ लोकरी कपड्यांचे दोन थर आणि खोल खाचांच्या तळव्याचे बूट एवढे न्या. जूनमध्येही सकाळी १० अंश तापमान असू शकते.

नोव्हेंबर ते मार्च कॅसल प्रेक्षकांसाठी बंद असतो. डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवून पावणेचारच्या आसपास मावळतो, त्यामुळे डोंगरवाटेला वेळच उरत नाही. उलट जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. जुलैत कॅसलच्या आवारात हायलँड खेळांचा दिवस असतो. त्या सुमारास खोल्या महिनोन् महिने आधी भरतात, तेव्हा तारीख बघूनच बेत आखा.

पोहोचायची वाट

इन्व्हरेरीला रेल्वे नाही. ग्लासगोच्या बुकॅनन बस स्थानकातून सिटीलिंक कंपनीची बस घ्यावी. कॅम्पबेलटाउनला जाणारी ९२६ आणि ओबनला जाणारी ९७६ या दोन्ही इन्व्हरेरीवरून जातात. प्रवास पावणेदोन तासांच्या आसपास. दिवसाला मोजक्याच फेऱ्या असल्याने तिकीट आधी काढा, आणि जातानाच परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ लिहून घ्या.

कुठे बसायचे हेही ठरवून घ्या. लॉख म्हणजे सरोवर किंवा समुद्राची आत शिरलेली खाडी. ग्लासगोहून जाताना लॉख लोमंड उजव्या हाताला येतो, त्यामुळे पहिल्या टप्प्यासाठी उजवी खिडकी. टार्बेटला गाडी पश्चिमेकडे वळली की आरोहरचा लॉख लाँग, नंतर ग्लेन क्रोची दरी आणि केर्नडावपुढचा लॉख फाइन हे सगळे डावीकडे. गाडी रिकामी असेल तर टार्बेटला बाजू बदला.

स्वतःची गाडी असेल तर ए८२ या महामार्गाने टार्बेट, तिथून ए८३. एकूण अंतर सुमारे ९५ किलोमीटर. नकाशा दीड तास दाखवतो, पण उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी लॉख लोमंडच्या काठी रांगा लागतात, म्हणून ग्लासगो सकाळी नऊच्या आत सोडा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असते आणि भारतीय परवान्यावर बारा महिने चालवता येते. तरी भाड्याच्या गाडीची कंपनी वय आणि परवान्याची मुदत यांबद्दल वेगळ्या अटी घालते, त्या आधी वाचा. फलकांवरचा वेग मैलांत असतो. चौकातल्या वर्तुळात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. आपल्याकडे हे कटाक्षाने पाळले जात नाही, म्हणून पहिला दिवस अवघड जातो. इंधन लॉख लोमंड लागण्यापूर्वी भरून घ्या.

आता या वाटेवरची खरी अडचण. आरोहरनंतर ए८३ ग्लेन क्रोच्या उतारावरून चढत २४५ मीटर उंचीच्या खिंडीत जातो. खिंडीचे नाव रेस्ट अँड बी थँकफुल. अठराव्या शतकाच्या मध्यात सैनिकांनी इथला लष्करी रस्ता पूर्ण केला आणि माथ्यावर ‘विसावा घ्या आणि आभार माना’ अशा अर्थाचा दगड बसवला, त्यावरून हे नाव पडले. रस्त्याच्या वरचा उतार उभा आहे. मुसळधार पाऊस झाला की माती, दगड आणि पाणी यांचा लोंढा खाली येतो. ऑगस्ट २०२० मध्ये अशीच मोठी दरड कोसळून रस्ता दीर्घकाळ विस्कळीत झाला होता. दरड अडवायला खड्डे आणि जाळ्या केलेल्या आहेत, तरी धोक्याचा इशारा असला की वाहतूक दरीतल्या जुन्या लष्करी रस्त्याने, पुढे मार्गदर्शक गाडी ठेवून, एका वेळी एकाच दिशेने सोडतात. तोही बंद झाला तर ए८२ ने टाइनड्रम, मग ए८५ ने डॅलमाली आणि शेवटी ए८१९ ने दक्षिणेला उतरून इन्व्हरेरी असा वळसा पडतो. त्यासाठी किमान तासभर जास्त धरा. निघण्याच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी ट्रॅफिक स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ए८३ ची स्थिती पाहा. परतीच्या दिवशी संध्याकाळचे विमान असेल तर हा वळसा हिशोबात धरूनच निघा. या भागात चुकणाऱ्या विमानांचे हेच नेहमीचे कारण.

पहिला दिवस : दुपार गावात

गावात शिरताना उजवीकडे कॅसल आणि समोर एरे नदीचा कमानदार दगडी पूल येतो. पूल अरुंद असल्याने सिग्नलवर थांबावे लागते. गाडी चालवणाऱ्याने तेव्हा फोटो काढू नये, नंतर इथे चालत येता येते. गाडी कमानीमागच्या अ‍ॅव्हेन्यू वाहनतळावर लावा आणि तिकीट काढा. बसने आलात तर पाण्याकाठच्या फ्रंट स्ट्रीटवरच उतराल.

सामान टाकले की थेट इन्व्हरेरी जेलला जा. कॅसल दुसऱ्या दिवसासाठी राखा, कारण सहलीच्या गाड्या अकरा ते तीन या वेळात कॅसल भरून टाकतात. जेल वर्षभर उघडे असते आणि दुपारी तीननंतर मोकळे होते. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या सुमारे तासभर आधी असतो, आणि नीट पाहायला दीड तास लागतो, म्हणून साडेतीनच्या आत तिकीट घ्या.

आत आधी न्यायालय आहे. १८२० च्या या इमारतीतल्या अर्धवर्तुळाकार दालनात पुतळे मांडून जुना खटला ऐकवतात. बाकावर बसून तो पूर्ण ऐका. लोक इथे दोन मिनिटे थांबून पुढे जातात आणि मग कोठड्या पाहताना त्यांना संदर्भ लागत नाही. त्यानंतर १८२० चा जुना तुरुंग आणि १८४८ चा नवा तुरुंग याच क्रमाने पाहा. जुन्यात पुरुष, स्त्रिया, मुले, वेडसर ठरवलेली माणसे सगळी एकाच छपराखाली कोंबलेली असत. नव्यात एकेकाला स्वतंत्र कोठडी, उजेड आणि पाणी आले, पण त्याबरोबर एकांत आणि निरर्थक श्रमही आले. लोखंडी दांडा दिवसाकाठी हजारो वेळा फिरवायचा, त्यातून निपजत काहीच नसे. हे यंत्र तिथे ठेवले आहे, ते हाताने फिरवून बघा. बाहेरच्या अंगणात कैद्यांना मोकळ्या हवेत फिरवण्याच्या पिंजरेवजा जागा आहेत. तुरुंग १८८९ मध्ये बंद झाला आणि १९८९ मध्ये संग्रहालय म्हणून उघडला.

एक गल्लत हमखास होते. १७५२ मध्ये अ‍ॅपिन भागात झालेल्या एका कॅम्पबेल कारभाऱ्याच्या खुनाबद्दल जेम्स स्ट्युअर्टवर इन्व्हरेरीत चाललेला खटला स्कॉटलंडच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. न्यायासनावर स्वतः तिसरा ड्यूक होता आणि पंधरा ज्युरींपैकी अकरा कॅम्पबेल होते. पाहुणे हे दालन तेच समजतात. हे न्यायालय त्यानंतर अडुसष्ट वर्षांनी बांधले गेले, तो खटला जुन्या गावात झाला होता.

जेलमधून बाहेर आलात की समोर चर्च चौक. रस्त्याच्या मधोमध उभे असलेले हे चर्च मिल्नने मुद्दाम दोन भागांत बांधले. मधे आडवी भिंत, एका अंगाला इंग्रजी प्रार्थना, दुसऱ्या अंगाला गेलिक या स्थानिक जुन्या भाषेतली, दोन्ही बाजूंना सारखीच दर्शनी कमान. चर्चला पूर्ण फेरी घालून दोन्ही दारे पाहा. मूळचा मनोरा धोकादायक झाल्याने १९४१ मध्ये उतरवला, त्यामुळे आज ते बसके दिसते.

तिथून मुख्य रस्त्याने पाण्याकडे चालत या. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या भिंती, काळ्या चौकटी, एका रांगेतल्या खिडक्या. फलकही आटोपशीर, कारण जवळजवळ प्रत्येक इमारत वारसा यादीत आहे. टोकाला जुन्या गावातून आणलेला मध्ययुगीन बाजारक्रूस, म्हणजे बाजाराची जागा दाखवणारा दगडी क्रूस आहे. डावीकडे वळून पाण्याच्या काठाने एरेच्या पुलापर्यंत जा. या पदपथावरून मागे वळून पाहिले की गावाचा दर्शनी भाग पाण्यावर एका सरळ रेषेत दिसतो, आणि आखणी करणाऱ्यांनी हाच देखावा मनात धरला होता हे कळते. दर्शनी भागावर ऊन सकाळी पडते. संध्याकाळी उजेड मागून येत असल्याने फोटो काळवंडतात.

लॉख फाइन गोड्या पाण्याचा नाही. ही सुमारे ६५ किलोमीटर लांब, समुद्राला मिळालेली खाडी आहे. भरती-ओहोटी असते, ओहोटीला उघडे पडलेले दगड समुद्रशैवालामुळे भलतेच निसरडे होतात. मुलांना त्यावर पळू देऊ नका. सर्वांत जवळचे रुग्णालय लॉखगिल्पहेडला, ३८ किलोमीटरवर आहे.

जेवणाचे

दुकाने पाचला मिटतात, आणि हॉटेलांची स्वयंपाकघरे साडेआठपर्यंत शेवटची मागणी घेतात. खोली घेतानाच रात्रीच्या जेवणाचे टेबल राखून ठेवा. नऊला भूक लागली तर उपाशी झोपावे लागेल, इथे रात्री उशिरा उघडे असे काही नाही.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. लॉख फाइनची कालवे, शिंपले आणि धुरी दिलेले हेरिंग म्हणजे किपर यांची ख्याती जुनी आहे. खाडीच्या डोक्यावर, केर्नडावजवळ क्लाखन इथे कालवांचे प्रसिद्ध उपाहारगृह आणि दुकान आहे. इन्व्हरेरीपासून ते १५ किलोमीटरवर, गाडी असेल तर जाताना किंवा येताना थांबा. कच्ची कालवे पहिल्यांदाच खाणार असाल तर भाजलेली मागा.

शाकाहारींनी चार प्रश्न विचारावेत. सूपचा अर्क भाज्यांचा आहे का? बटाट्याचे काप माशांच्याच तेलात तळतात का? गोड पदार्थात जिलेटिन आहे का? आणि क्लूटी डम्पलिंग, म्हणजे कापडात बांधून उकडलेला गोड गोळा असेल तर त्यात जनावराची चरबी घातली आहे का, कारण पारंपरिक कृतीत ती असते. शाकाहारी हॅगिस बहुतेक ठिकाणी मिळते. ओट, डाळी, कडधान्ये आणि मिरपूड यांचे हे मिश्रण आपल्या जिभेला रुचते. भाजलेला बटाटा आणि चीज घातलेली मॅकरोनी हेही भरवशाचे.

घरून न्यायचे असेल तर चिवडा, मेतकूट, सुकी चटणी, गरम पाण्यात होणारे उपमा-पोह्यांचे पाकीट न्या. जवळपास प्रत्येक खोलीत किटली असते. तूप, पेढे, बर्फी, श्रीखंडवडी मात्र घरीच ठेवा. भारतातून दूध व मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला मनाई आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात. ताजा कढीपत्ताही नको.

दुसरा दिवस : आधी डोंगर, मग कॅसल

कॅसल दहाला उघडतो. त्याआधी डून ना कुआइख हा डोंगर चढून या. उंची २४८ मीटर, जाऊन-येऊन सव्वाचार किलोमीटर, दीड ते दोन तास. गावातून कॅसलच्या वाहनतळापर्यंत पंधरा मिनिटे चालत जा. तिथून खुणा केलेली वाट बागेजवळच्या दगडी पुलावरून एरे नदी ओलांडते, मोकळ्या कुरणातून जाते आणि मग झाडीत शिरून चढू लागते. चढ छोटा पण सलग आहे. ओल्या मुळांवर आणि चिखलावर पाय घसरतो, बहुतेक पडझड चढताना नव्हे तर उतरताना होते. वादळानंतर उन्मळलेल्या झाडांमुळे वाट बंद असेल तर तसा फलक लावतात, तो ओलांडून जाऊ नका. कुरणात गुरे-मेंढ्या असतील तर दारे जशी होती तशीच लावा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही खासगी जमिनीवरून चालता येते, आणि ही जबाबदारी त्याचाच भाग आहे.

माथ्यावर १७४८ चा एक लहान बुरूज आहे. तो पहाऱ्यासाठी बांधलेला नाही, कॅसलच्या खिडकीतून क्षितिजावर काहीतरी दिसावे म्हणून बांधला. इथून खाली पाहिले की कालची सगळी पायपीट एका नजरेत जुळते : कॅसल, त्यासमोरचा मोकळा केलेला पट्टा, बाजूला सरकवलेले गाव, पाणी आणि पूल. ढग खाली उतरले असतील तर मात्र चढू नका, काही दिसणार नाही. तो वेळ कॅसलच्या बागेत घालवा आणि दुपारी आभाळ उघडले तर चढा.

कॅसलचे दिवस आणि वेळा हंगामागणिक बदलतात. आठवड्यातले काही वार तो बंदही असतो, म्हणून मुक्कामाची तारीख पक्की करण्याआधीच त्यांचे वेळापत्रक पाहा. आत तासभर ते दीड तास लागतो. बाहेरचा दगड निळसर हिरवा आहे आणि ओला झाला की गडद होतो, पावसातही तो पाहण्यासारखा. टोकदार शंकूसारखी छपरे मूळची नाहीत. १८७७ च्या आगीनंतर वरचा मजला चढवला तेव्हा ती आली. १९७५ मध्ये पुन्हा मोठी आग लागली आणि दुरुस्तीला वर्षे लागली.

शस्त्रदालनात घाई करू नका. छत २१ मीटर उंच आहे, आणि भिंतींवर बंदुका, भाले, परशू चक्राकार नक्षीत रचलेले आहेत. दाराजवळच न थांबता दालनाच्या मध्यभागी येऊन वर पाहा. पुढे रॉबर्ट मिल्नने १७८० च्या दशकात सजवलेले भोजनदालन आणि फ्रेंच विणलेल्या पडद्यांचे बैठकीचे दालन आहे. वरच्या मजल्यावर राणी व्हिक्टोरियाची मुलगी लुईझ हिच्या आठवणी आहेत. तिने १८७१ मध्ये याच घराण्यातल्या वारसाशी, पुढच्या नवव्या ड्यूकशी, लग्न केले. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताला तिचेच नाव आहे. तळघरातले जुने स्वयंपाकघर चुकवू नका, तांब्याच्या भांड्यांच्या रांगा बघण्याजोग्या आहेत.

हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर

दक्षिणेला ए८३ वरच दोन ठिकाणे आहेत. ऑखिनड्रेन, सुमारे १० किलोमीटर : जमीन खंडाने घेऊन सामाईक शेती करणाऱ्या कुळांची वस्ती. माणसे एका टोकाला, गुरे दुसऱ्या टोकाला अशी लांबट घरे जागच्या जागी जपली आहेत. शेवटचा शेतकरी १९६७ मध्ये गेला. ड्यूकचे गाव आखून बांधले जात होते तेव्हा त्याची कुळे कशी राहत, हे इथे कळते, म्हणून कॅसलनंतर लगेच इथे यावे असे आम्ही आग्रहाने सांगू. त्यापुढे क्रारे बाग, सुमारे १६ किलोमीटर : ओढ्याच्या घळीत हिमालयातल्या दरीसारखी रचलेली, १९१२ पासून वाढवलेली. ऱ्होडोडेंड्रॉनसाठी एप्रिल-मे. दोन्हींच्या उघडण्याच्या वेळा आधी तपासा. ९२६ ची बस याच रस्त्याने जाते, उतरायचे ठिकाण चालकाला चढतानाच सांगा.

उत्तरेला, ए८१९ ने सुमारे २५ किलोमीटरवर, लॉख ऑच्या टोकाला किलखर्न कॅसलचे अवशेष पाण्यात शिरलेल्या जिभेवर उभे आहेत. बाहेरून पाहायलाही वाकडी वाट करावी असे ते आहेत. तिथली पायवाट सखल आणि ओलसर, बूट हवेतच.

परतताना

बस फ्रंट स्ट्रीटवर येते. वेळेआधी दहा मिनिटे उभे राहा आणि गाडी दिसली की हात दाखवा. रविवारचे वेळापत्रक वेगळे असते. हातातल्या स्कॉटिश बँकांच्या नोटा विमान पकडण्याआधी खर्च करा किंवा इंग्लंडच्या नोटांत बदलून घ्या, कारण भारतात परकीय चलन बदलणारे त्या सहसा घेत नाहीत.